पुरवठा साखळीवर पीएचडी: आधी निर्णय शोधा, विषय मागून येईल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोदाम आणि वाहतूक नियोजनात आठ वर्षं काढल्यावर तुम्ही पीएचडीला नाव नोंदवलंय. गाइडनी ‘पुरवठा साखळीतील एकात्मीकरणाचा कंपनीच्या कामगिरीवरील परिणाम’ हा विषय सुचवलाय; एकात्मीकरण म्हणजे कंपनीनं आपली माहिती आणि नियोजन पुरवठादारांशी आणि ग्राहकांशी जोडून घेणं. तीनशे प्रश्नावल्या भरून आणा, मग मॉडेल बसवू, असं त्यांचं म्हणणं. तुमचं मन त्यात रमत नाही. गणित सुटून बरीच वर्षं झालीत, कंपन्या डेटा देतील याचा भरवसा नाही, आणि म्हणून तुम्ही विचारताय: सर्व्हे करू, गणिती मॉडेल करू, की केस स्टडी?

मी आधी काही वर्षं वितरणाच्या नियोजनात होते, मग संशोधनात आले आणि गेली वीसेक वर्षं हाच विषय शिकवते. तुमच्यासारखे, काम करून आलेले विद्यार्थी जवळपास दरवर्षी हाच प्रश्न घेऊन येतात. मला वाटतं, पद्धतीचा प्रश्न तुम्ही फार लवकर विचारताय. तुमच्या हातात अजून शीर्षकच आहे. नेमका प्रश्न सापडला की पद्धत बहुतेक वेळा त्या प्रश्नातूनच ठरते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. नोकरी सांभाळून करताय की पूर्णवेळ? गाइडचा स्वतःचा हात कशावर बसलाय? पुढे शिकवायचंय की पुन्हा उद्योगात जायचंय? गाइडचं सगळं काम सर्व्हेचं असेल आणि तुम्ही मार्ग-नियोजनाचे अल्गोरिदम लिहायला निघालात, तर अडल्यावर विचारायचं कुणाला हा प्रश्न येणार. हे हिशेबात धरून पुढचं वाचा.

या क्षेत्रात जे काम टिकलं, त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी रोजच्या निर्णयापासून सुरू झालेलं दिसेल. फोर्ड हॅरिस यांचं १९१३ सालचं सूत्र, ज्याला आपण ईओक्यू (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे सर्वांत किफायतशीर खेप) म्हणतो, ते एका साध्या अडचणीचं उत्तर होतं: यंत्राची जुळणी बदलायला खर्च येतो, माल पडून राहिला तरी खर्च येतो, तर एका खेपेत नग किती काढायचे? डँटझिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये वाहनांच्या मार्गांचं गणित मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर इंधनाच्या पंपांना पुरवठा करणारे टँकर होते. एमआयटीतले प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्याकडे जनरल इलेक्ट्रिकच्या माणसांनी एक कोडं आणलं होतं. घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालवाव्या लागतात आणि काही वर्षांनी निम्मी माणसं कमी करावी लागतात, हे कशानं होतं? फॉरेस्टर यांनी वहीच्या पानावर हातानं आकडेमोड करून दाखवलं की ऑर्डर देण्याचे आणि माणसं घेण्याचे नियमच असे आहेत, की बाहेरची मागणी स्थिर असली तरी आत हेलकावे उठतात. त्यांचा १९५८ चा गाजलेला लेख आणि १९६१ चं पुस्तक या वाटेनं आलं.

पुढे १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी ज्याला बुलव्हिप परिणाम म्हणतात (गिऱ्हाइकाकडून कारखान्याकडे जाताना ऑर्डरींचे चढउतार वाढत जाणं) त्याची नीट फोड केली. बाळांना लागणारे डायपर रोज साधारण तेवढेच; दुकानातली विक्रीही फारशी हलत नाही; पण ते बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबलकडे येणाऱ्या ऑर्डरींमध्ये मोठे चढउतार दिसत होते. लेखकांनी चार कारणं सांगितली: मागणीचा अंदाज प्रत्येक टप्प्यावर नव्यानं बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, सवलतींमुळे भाव वरखाली होणं, आणि टंचाईच्या भीतीनं गरजेपेक्षा जास्त मागणं. तुम्ही वाहतुकीत होतात. गाड्यांचा तुटवडा आहे असं कानावर आलं की पाच हव्या असताना आठ मागवणारे लोक तुम्ही पाहिले असतील, कदाचित तुम्हीही मागवल्या असतील. ते चौथं कारण तुम्ही जगलेलं आहे.

एवढं सगळं झाल्यावर विद्यार्थ्याला वाटतं की बुलव्हिप हा विषय संपला. पण २००७ मध्ये कॅशॉन, रँडल आणि श्मिट यांनी अमेरिकी जनगणना विभागाच्या उद्योगवार आकडेवारीत हा परिणाम शोधला. घाऊक व्यापारात तो सापडला, किरकोळ व्यापारात सर्वसाधारणपणे सापडला नाही, आणि बऱ्याच उत्पादन उद्योगांतही दिसला नाही. त्यांनी तोच जुना, सगळ्यांनी मान्य केलेला दावा घेतला आणि वेगळ्या पातळीवरच्या आकड्यांना लावून पाहिला. हे दोन लेख लागोपाठ वाचा, पहिला वाचून झाल्यावर दुसऱ्याचा निष्कर्ष काय असेल याचा स्वतः अंदाज बांधा आणि मगच दुसरा उघडा. पन्नास लेखांचे सारांश टिपून जे हाती लागणार नाही ते या दोन लेखांतून लागेल.

सिनॉप्सिसमध्ये ‘रिसर्च गॅप’ म्हणून लिहिलं जातं ते बऱ्याचदा असं असतं: अमुक उद्योगात हा अभ्यास अजून कुणी केलेला नाही. मी परीक्षक असते तेव्हा त्यावर एकच विचारते, त्या उद्योगात उत्तर वेगळं येईल असं तुम्हाला का वाटतं? माल नाशवंत आहे, परत येणारा माल जास्त आहे, पुरवठादार एकच आहे, असं काहीतरी कारण सांगता आलं तर ते संशोधन. कारणच नसेल, तर कुणी न जाणं ही त्या जागेची पुरेशी ओळख नाही.

आता माझ्यावर आलेली वेळ सांगते, कारण तुमच्यावरही ती येऊ शकते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका कंपनीनं मला तीन वर्षांच्या आवक मालाच्या नोंदी दिल्या. ऑर्डर दिल्याची तारीख आणि माल मिळाल्याची तारीख, दोन्हींमधलं अंतर म्हणजे लीड टाइम. एका पुरवठादाराचा माल कधी सहा दिवसांत येई, कधी आठ, कधी दहा. या चढउतारासाठी कोणतं संख्याशास्त्रीय वितरण (डिस्ट्रिब्यूशन) बसतं यावर मी चार महिने घालवले. मग माझ्या गाइडनी मला त्या गोदामात आठवडाभर बसायला पाठवलं.

गेटवर एक जाड रजिस्टर होतं. गाडी आत आली की पहारेकरी त्यात पेनानं तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहायचा. माल उतरला की चलन एका क्लिपबोर्डला लावलं जायचं. पावतीची नोंद करणारा माणूस आणखी दोन विभागांचं काम बघत होता, त्यामुळे तो क्लिपबोर्डवरचा गठ्ठा मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी संगणकात चढवायचा. सिस्टिम नोंदीच्या दिवसाची तारीख आपोआप घेत असे आणि ती बदलण्याची सोय त्याला दिलेली नव्हती. मंगळवारी पहाटे आलेली गाडी त्याच दिवशी दिसायची. शुक्रवारी दुपारी आलेली गाडी थेट पुढच्या मंगळवारी, म्हणजे चार दिवसांनी. मी रजिस्टरमधल्या दोनशे गाड्यांच्या तारखा हातानं उतरवून घेतल्या. पुरवठादार जवळजवळ प्रत्येक वेळी सहाव्या दिवशी माल आणत होता.

यात कुणाची कामचुकारी नव्हती. पण परिणाम बघा. सेफ्टी स्टॉकच्या, म्हणजे अडीअडचणीसाठी जादा धरलेल्या साठ्याच्या, नेहमीच्या सूत्रात लीड टाइमच्या चढउताराला सरासरी मागणीच्या वर्गानं गुणतात. म्हणजे भरपूर खपणाऱ्या वस्तूंमध्ये लीड टाइम थोडा जरी अस्थिर दिसला तरी साठा भराभर फुगतो. ती कंपनी दोन नोंदींमधल्या खंडासाठी गोदामभर जादा माल धरून बसली होती आणि पुरवठादाराला बेभरवशाचा ठरवत होती. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण यातून निघालं. जे वितरण बसवायला मी चार महिने झटत होते, त्याचा त्यात उल्लेखही नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की प्रत्येक रकान्यामागचा माणूस शोधा. ही तारीख कोण भरतो, केव्हा भरतो, चुकली तर कुणाला फरक पडतो? मास्टर डेटामधला, म्हणजे सिस्टिममधल्या कायमच्या मूळ माहितीतला, लीड टाइम तर बऱ्याच ठिकाणी पुरवठादार जोडला त्या दिवशी टाकलेला असतो आणि पुन्हा कुणी त्याला हात लावलेला नसतो. साठ्याच्या नोंदींचंही तसंच. डीहोराशियस आणि रामन यांनी २००८ मध्ये एका किरकोळ विक्री साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० नोंदी तपासल्या. त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नव्हत्या. अशा आकड्यांवर कितीही देखणं मॉडेल उभं केलं तरी पाया डळमळीतच.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. विक्री म्हणजे मागणी नव्हे. फळीवर माल नव्हता त्या दिवशी विक्री शून्य दिसते, मागणी मात्र असते. स्टॉक दहाच नग होता आणि दहाही गेले, तर मागणी दहा होती की तीस, हे त्या नोंदीवरून कळत नाही. एम-फाइव्ह या २०२० च्या अंदाज-स्पर्धेसाठी वॉलमार्टचा डेटा खुला झाला: ३,०४९ वस्तू, १० दुकानं, ३ राज्यं. शिकायला तो उत्तम आहे आणि तुम्ही तो जरूर उघडून बघा. पण त्यात रोजची विक्री, भाव आणि सणवार आहेत, साठा नाही. त्यामुळे एखादा शून्य दिसला तर गिऱ्हाईक नव्हतं की माल नव्हता, हे तुम्हाला ठरवता येत नाही. हे लक्षात न घेता ‘मागणीचा अंदाज’ असं शीर्षक दिलेले कितीतरी प्रबंध माझ्याकडे आलेत.

इथवरचं थोडक्यात: कुणीतरी वारंवार घेत असलेला एखादा निर्णय पकडा, त्या निर्णयाच्या खुणा कोणत्या नोंदींत उमटतात ते शोधा, आणि त्या नोंदी जिथे जन्माला येतात तिथे जाऊन बघा. पद्धतीची चर्चा त्यानंतर.

सर्व्हेबद्दल माझं मत तुम्हाला वाटेल तितकं वाईट नाही. फ्रोलिक आणि वेस्टब्रुक यांचा २००१ चा अभ्यास सर्व्हेच होता, ३२२ उत्पादक कंपन्यांचा, आणि एकात्मीकरणावरचाच. पण त्यांचा प्रश्न टोकदार होता: कंपनी पुरवठादाराकडे किती जोडलेली आहे आणि ग्राहकाकडे किती, आणि या दोन दिशांच्या वेगवेगळ्या जोड्यांमध्ये कामगिरी कशी बदलते? दोन्हीकडे दूरवर जोडलेल्या कंपन्यांची सुधारणा सर्वांत जास्त दिसली. आता त्यानंतर तोच धागा नुसता पुन्हा ओढून नवं काही मिळणं अवघड आहे.

प्रश्नावलीचा खरा दुबळेपणा वेगळाच आहे. एकच व्यवस्थापक एकाच बैठकीत आधी ‘आमचं पुरवठादारांशी सहकार्य उत्तम आहे’ यावर खूण करतो आणि दोन पानांनंतर ‘आमची कामगिरी स्पर्धकांपेक्षा सरस आहे’ यावर. ज्याचा दिवस चांगला गेलाय तो दोन्हीकडे पाच देतो. मग एकात्मीकरण आणि कामगिरी यांच्यात संबंध सापडतो, पण तो कशाचा, हे सांगता येत नाही. सर्व्हे करायचाच असेल तर एकात्मीकरणाबद्दल खरेदी विभागाला आणि पुरवठादाराला, दोघांनाही स्वतंत्रपणे विचारा, आणि कामगिरी त्यांच्या तोंडून न घेता नोंदींतून मोजा: वेळेवर आलेल्या खेपा, अपुऱ्या गेलेल्या ऑर्डरी, साठ्याचे दिवस. असे जोडीचे साठ नमुने मला एकेकट्या तीनशे उत्तरांपेक्षा जास्त पटतात, मात्र ते मिळवायला दुप्पट चालावं लागतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं साठ पुरतील का, हे तुम्ही किती घटक मोजताय यावर ठरेल. ते आधी तपासून घ्या.

गणिताची भीती थोडी बाजूला ठेवा. मार्ग-नियोजनात नवा अल्गोरिदम काढणं हे तुमच्यासाठी नाही, हे मी स्पष्टच सांगते. सोलोमन यांनी १९८७ मध्ये तयार केलेली, शंभर-शंभर ग्राहकांची ५६ उदाहरणं आहेत. जगभरचे लोक तेव्हापासून त्यांवर आपापले अल्गोरिदम पारखताहेत आणि तिथे अंशाअंशांची चढाओढ चालते. ते आयुष्यभराचं वेगळं कसब आहे.

पण सगळं गणित तसलं नसतं. पेपरविक्रेत्याचा प्रश्न घ्या: आज किती खपतील हे कळायच्या आधीच किती अंक घ्यायचे ते ठरवायचं. माल कमी पडला तर नगामागे ३ चा तोटा, उरला तर १ चा. ३ ला ३ अधिक १ नं भागलं की ०.७५ येतं, म्हणून मागणी पूर्ण होण्याची शक्यता ७५ टक्के राहील इतका माल घ्यायचा. एवढंच. श्वाइट्झर आणि कॅशॉन यांनी २००० साली माणसांना हा खेळ खेळायला लावला. मागणी १ ते ३०० मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेनं. जास्त नफ्याच्या मालाची योग्य ऑर्डर २२५ होती, कमी नफ्याच्या मालाची ७५. लोक पहिल्यात कमी मागवत राहिले, दुसऱ्यात जास्त. दोन्हीकडे १५० च्या सरासरीकडे ओढले गेले. या एका निरीक्षणावर पुढे बरंच काम झालं, आणि त्याला लागणारं गणित तुम्ही दोन महिन्यांत पुन्हा हातात आणू शकता.

तुमच्या आठ वर्षांना साजेसा आणखी एक धागा आहे. २०२१ मध्ये अॅमेझॉन आणि एमआयटी यांनी घरपोच वितरणाच्या मार्गांची स्पर्धा घेतली. ड्रायव्हरनी प्रत्यक्षात चालवलेले हजारो मार्ग दिले आणि विचारलं, अनुभवी ड्रायव्हर कोणत्या क्रमानं जाईल ते ओळखून दाखवा. सर्वांत छोटा मार्ग संगणक काढतोच, पण ड्रायव्हर तो मोडतो, कारण कुठे गाडी उभी करता येते आणि कुठे दुपारी कोंडी होते हे त्याला माहीत असतं. नियोजक सिस्टिमनं सुचवलेली ऑर्डर बदलतो तेव्हाही हेच घडतं. कुठले बदल फायद्याचे ठरले आणि कुठले नुसत्या धास्तीनं केले होते? सुचवलेला आकडा आणि दिलेला आकडा, दोन्ही बऱ्याच सिस्टिममध्ये जपून ठेवलेले असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. मला स्वतःला हा प्रश्न फार जवळचा वाटतो.

डेटा मागायला सर्वांत वरच्या साहेबाकडून सुरुवात करू नका. ज्याला त्या निर्णयाचा रोज त्रास होतो, त्या माणसाकडे जा. पहिल्यांदा एका पुरवठादाराचे किंवा वीस वस्तूंचे सहा महिने मागा आणि पंधरा दिवसांत त्यांना उपयोगी पडेल असं एक पान परत द्या. दार त्या पानानं उघडतं. वस्तूंची नावं काढून सांकेतिक क्रमांक टाकू द्या. सगळ्या संख्या एकाच गुप्त गुणकानं गुणून द्यायला सांगितलं की कंपनी बरीच निर्धास्त होते. गुणोत्तरं आणि चढउताराचं प्रमाण तसंच राहतं. फक्त गाडीची क्षमता, पेटीतले नग हेही त्याच गुणकानं गुणलेत ना, हे विचारून घ्या, नाहीतर अर्ध्या भरलेल्या गाड्या पूर्ण भरलेल्या दिसतील. निष्कर्ष छापण्याची परवानगी पहिल्याच करारात लेखी घ्या. आणि कंपनीतल्या एकाच माणसावर विसंबू नका. तो माणूस बदलून गेला की डेटा थांबतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांची वर्षं यात गेली आहेत.

आता तुमच्या गाइडच्या विषयाकडे. तो टाकून देऊ नका, खाली उतरवा. ‘एकात्मीकरण’ म्हणजे तुमच्या ओळखीच्या एखाद्या कंपनीत नेमकं काय झालं? समजा, तिनं काही पुरवठादारांना पुढच्या आठ आठवड्यांच्या ऑर्डरींचा अंदाज दाखवायला सुरुवात केली. ती सुरू झाल्याची तारीख असते. तिच्या आधी आणि नंतर त्या पुरवठादारांच्या उशिरा आलेल्या खेपा किती, आणि ज्यांना अंदाज दाखवला नाही त्यांच्या त्याच काळातल्या किती? दोघांच्या बदलातला फरक काढायचा. यात एक अडचण लगेच येईल: कंपन्या असं काही आधी आपल्या चांगल्या पुरवठादारांबरोबरच सुरू करतात, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखे नसतात. गाइडशी वाद घालण्यापेक्षा ही अडचण त्यांच्यापुढे ठेवा. चांगल्या गाइडला असा पेच आवडतो.

त्यांच्याकडे जाताना एका पानावर तीन गोष्टी लिहून न्या: निर्णय कोणता आणि तो कोण घेतं, नोंद कुठे मिळते, आणि उत्तर ‘फरक पडत नाही’ असं आलं तरी ते कुणाच्या कामाचं असेल. तरीही त्यांचा प्रश्नावलीचा आग्रह राहिलाच, तर ती याच पुरवठादारांना पाठवा. अंदाज मिळाल्यावर तुम्ही उत्पादनाच्या नियोजनात खरोखर काही बदललंत का, की नुसता ईमेल उघडून बंद केलात, हे नोंदींत कुठेच सापडणार नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल.